मामा तलावांचा गाळ काढा, पण तलावाची माणसंही परत आणा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की दरवर्षी पेपरात आमच्या पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचा गाळ काढायच्या बातम्या येतात, अमुक तलावावर मशीन लागल्या, तमुक शेतकऱ्यांनी गाळ नेला, आणि सोबत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभ्या असलेल्या पाहुण्यांचा फोटो. गाळ काढायला माझा विरोध नाही, तो काढलाच पाहिजे. पण हे तलाव गेल्या साठ-सत्तर वर्षांत गाळानं का भरले आणि त्याआधी अडीच-तीनशे वर्षं का भरले नाहीत, हा प्रश्न त्या बातम्यांत कुणी विचारत नाही, आणि तो विचारला नाही तर आज काढलेला गाळ उद्या परत भरणार हे मला अगदी स्पष्ट दिसतंय. पत्र थोडं लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजार म्हणजे पूर्वी गावाचा सारा गोळा करणारा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून असे साडेसहा-सात हजार तलाव आहेत, म्हणून भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात (गोंदिया १९९९ ला त्यातूनच वेगळा झाला). आमच्याकडे पाऊस मराठवाड्यासारखा कमी नाही, वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, पण तो तीन महिन्यांत धो-धो पडून वैनगंगेत निघून जातो आणि मग ऐन धान निसवायच्या वेळेला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पंधरा-वीस दिवस दडी मारली की लोंब्या पोचट निघतात, सगळी रोवणी, निंदण, खत पाण्यात. म्हणजे आम्हाला बारा महिने पाणी नकोच होतं कधी, आम्हाला हवं असतं ते ऐन वेळेचं एक-दोन पाणी, आणि मामा तलाव नेमके त्या एक-दोन पाण्यासाठी बांधलेले आहेत.

ते बांधले कुणी हेही समजून घेण्यासारखं आहे. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या काळात अशी रीत होती असं सांगतात की जो कुणी तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. राजाच्या खजिन्यातून फार काही गेलं नाही, पण जंगलात गावं उभी राहिली. कोहळी समाजाची माणसं यात सगळ्यात पुढे, धान आणि ऊस पिकवण्यात आणि जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं ओळखण्यात पक्की. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि तिथं जाऊन उभं राहिलं की कळतं की त्या माणसानं डोंगरांचाच काठ वापरला आणि जिथं फट होती तेवढीच बांधली. आज आपण लेव्हल मशीन, सॅटेलाइट मॅप सगळं घेऊन जातो तरी इतकी चांगली जागा सापडत नाही.

एका तलावापुरतं हे काम नव्हतं. वरच्या तलावाचा सलंग, म्हणजे जादा पाणी वाहून जायची जागा, भरून वाहिला की ते पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शेवटी नाल्यात आणि नदीत, अशी गावोगाव साखळीच असायची. पाळीत तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, पाणी जसं उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. कुणाच्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) कधी आणि किती पाणी जाणार हे गावानं नेमलेला पाणकर बघायचा, आणि त्याला मोबदला धानाच्या रूपात मिळायचा, म्हणजे शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं आणि पीक आलं तर त्याचंही पोट भरणार. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी बैलगाड्या घेऊन पोटातला गाळ उचलायचे आणि आपल्या बांधीत टाकायचे, कारण त्या काळी बाजारातलं खत नव्हतं आणि तलावाचा गाळ हेच खत होतं. त्यासाठी वेगळी योजना कशाला लागेल, जो गाळ तलावाला नको होता तोच शेताला हवा होता, म्हणून तो दरवर्षी आपोआप निघायचा. मला वाटतं सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा हाच आहे, तलावाची देखभाल हे गावाच्या रोजच्या जगण्यापासून वेगळं काम नव्हतंच.

आणि तलावावर जगणारे फक्त शेतकरी नव्हते. ढिवर समाजाला जमीन जवळजवळ नाहीच, त्यांचं सगळं जगणं मासोळी, शिंगाडा, कमळकंद यावर. कुठल्या वनस्पतीखाली कुठली मासोळी अंडी घालते, कुठलं पाणी कोणत्या महिन्यात कसं वागतं हे त्यांना जितकं माहीत तितकं कुणालाच नाही. धोबी, गुराखी, सगळ्यांचे काही ना काही हक्क होते, आणि ते नुसते तोंडी नव्हते, गावोगावच्या निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावाच्या हक्कांच्या आणि रीतींच्या सरकारी नोंदींत, ते लिहून ठेवलेले आहेत.

आता कुणी म्हणेल हा जुन्या काळाचं गोड गोड सांगतोय. तसं नाही. मालगुजारी ही काही चांगली व्यवस्था नव्हती. बेगार होती, मालगुजाराच्या मर्जीवर पाणी अडायचं, जातीप्रमाणे घाट वेगळे होते, आणि ढिवराला मासोळीतला चांगला हिस्सा वाड्यावर पोचवावा लागायचा. भोसल्यांचं राज्य गेल्यावर १८६० च्या दशकात इंग्रजांनी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारालाच गावाचा मालक करून टाकलं, म्हणजे जे तलाव लोकांच्या मेहनतीनं आणि राजाच्या शब्दावर उभे राहिले त्यांवर कागदोपत्री एकाच घराची मालकी आली. ती मालकी जायलाच हवी होती आणि ती गेली हे चांगलंच झालं.

पण गेली कशी ते बघा. आमचा भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. मालकी हक्क संपवणारा कायदा १९५० ला झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला, बहुतेक तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला तसा त्याच्याबरोबर पाणकर गेला, गावाची जबाबदारी गेली, आणि त्या जागी आलं काय, तर एक खातं, ज्याचं ऑफिस तालुक्याला आणि ज्याच्या एका माणसाकडे डझनावारी तलाव. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे राज्याच्या खात्याकडे, मासोळीचं लिज आणखी तिसरीकडे, आणि तलाव जंगलात असला तर वनखातं चौथं. त्यात पाणीपट्टीवरून वाद झाले, ज्यांचे आजोबा-पणजोबा तलाव बांधायला राबले त्यांना आता त्याच पाण्याचं बिल यायला लागलं, लोक म्हणाले तलाव सरकारचा आहे ना, मग सरकारच बघेल. सरकारनं काही बघितलं नाही. १९६० ला आम्ही महाराष्ट्रात आलो तेव्हा सगळं लक्ष मोठ्या धरणांकडे होतं.

पुढचं सगळं एकातून एक निघत गेलं आणि दोष कुणा एकाला देताच येत नाही. युरिया आला, गाळ उचलायची गरज संपली. विहीर आणि मोटरपंप आला, ज्याची ऐपत होती त्यानं स्वतःची सोय केली आणि त्याला तलावाची पर्वा राहिली नाही, मग राहिले ते शेवटच्या बांधीचे लहान शेतकरी, ज्यांचं गावात कुणी ऐकत नाही. तलाव उथळ झाला तसं काठावर बेशरम नावाची झुडपं माजली, मग काठाकाठानं कुणीतरी पोटातच बांधी काढली, ती पाण्याखाली जाऊ नये म्हणून सलंग फोडून खाली केला, म्हणजे तलाव आणखी लहान. सलंग फुटला की खालच्या तलावाकडे पाणी एकदम धावतं आणि त्याची पाळ धोक्यात येते, एका गावानं केलेलं दुसऱ्या गावाला असं भोवतं. माझ्या आजोळच्या तलावाच्या पोटात आज धान उभं असतं आणि त्या धानाला पाणी द्यायला शेजारी बोअर मारलेली आहे, यापेक्षा जास्त काय सांगू.

आणि याच काळात वैनगंगेवर गोसेखुर्द सुरू झालं. १९८८ ला भूमिपूजन, मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या वर गेला, अडीच लाख हेक्टर भिजवायचं होतं, किती गावं उठली, आणि कालव्यांचं काम पिढी बदलली तरी चालूच आहे. मी धरणविरोधी नाही, मोठ्या नदीचं पाणी काही ठिकाणी लागतंच. पण या रकमेचा अगदी छोटा हिस्सा जरी दरवर्षी नियमितपणे त्या साडेसहा-सात हजार तलावांच्या पाळी, तुडूम आणि पाट दुरुस्त करायला दिला असता तर आज चित्र वेगळं असतं याची मला खात्री आहे, कारण तिथं जमीन संपादन नाही, पुनर्वसन नाही, तलाव आहे तिथंच आहे.

मासोळीचं तर आणखी वेगळं झालं. मासोळीच्या खात्यानं सांगितलं उत्पन्न वाढवायचं, रोहू, कटला, मृगळ यांचं बीज (लहान पिल्लं) सोडा, आणि बीज खातात म्हणून मरळीसारख्या शिकारी मासोळ्या काढून टाका. काही ठिकाणी ग्रास कार्पही सोडला, तो पाण्यातल्या वनस्पतीच फस्त करतो. झालं काय, मरळ, शिंगी, मागूर या बाजारात जास्त भाव मिळणाऱ्या आपल्या मासोळ्या गेल्या, वनस्पती गेल्या, मग थंडीत येणारी बदकं कमी झाली, आणि ढिवरांच्या संस्थेला दरवर्षी बीज विकत घ्यायचं कर्ज मागे लागलं. पूर्वी बीज तलावच द्यायचा.

पण इथंच चांगली गोष्टही आहे आणि ती पेपरात फार कमी येते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे लोक आणि अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या काही ढिवर संस्था गेली बरीच वर्षं तलाव परत जिवंत करायचं काम करतायत, आणि त्यांची पद्धत जेसीबीच्या अगदी उलटी आहे. आधी बेशरम मुळासकट काढायची, उन्हाळ्यात आटलेल्या पोटात नांगर फिरवायचा, आणि पाऊस पडून तळाशी पाणी साचायला लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, देवधान अशा वनस्पती आणून चिखलात हातानं लावायच्या. हे काम जास्त करून बायका करतात, धानाचं रोप रोवतात तसंच. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात लावायची हे म्हाताऱ्या ढिवरांना विचारून ठरवलं. मग लहान मासोळ्यांना लपायला जागा झाली, अंडी घालायला जागा झाली, देशी मासोळ्या परत दिसायला लागल्या, त्यांच्या मागोमाग पक्षीही आले. यात यंत्र नाही, टेंडर नाही, खर्च म्हणाल तर मुख्यतः मजुरी, आणि ती मजुरी गावातच राहते.

२०१२ मध्ये शिवापालन, साव्हेनिये आणि ब्लोश्ल या तीन जलशास्त्रज्ञांनी असं मांडलं की पाण्याचा अभ्यास माणसाला बाजूला ठेवून करता येत नाही, माणसं पाणी बदलतात आणि बदललेलं पाणी परत माणसांना बदलतं, याला त्यांनी सोशिओ-हायड्रॉलॉजी असं नाव दिलं. वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपले तलावच आठवले. तलावानं कोहळ्याला शेतकरी केलं, ढिवराला मासोळीवाला केलं, गावाला पाणकर नेमायला लावला, आणि त्या माणसांनी तलाव टिकवला. माणसं बाजूला काढली तेव्हा तलाव गाळानं भरला, तलाव भरला तेव्हा पोरं मजुरीला नागपूर, रायपूर, हैदराबादला गेली, आणि पोरं गेल्यावर आता पाळीवरचं भगदाड बुजवायला चार माणसं मिळत नाहीत.

म्हणून आता मुद्द्यावर येतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, मध्ये थांबली आणि २०२३ ला परत सुरू झाली. कल्पना चांगलीच आहे, ती आपल्याच जुन्या रीतीवर उभी आहे. पण तलावात गेलं की दिसतं, मशीननं मधोमध किंवा गाडी जिथं पोचते तिथं खोल चौकोनी खड्डे केलेले, काठ सरळ उभा कापलेला. मामा तलाव हा बशीसारखा असतो, काठाला उथळ आणि हळूहळू खोल, त्या उथळ भागातच वनस्पती, मासोळीची अंडी, बगळे, सारस सगळं. काठ उभा कापला की पाणी कदाचित थोडं जास्त साठेल पण तलाव मरेल, गुरं पाण्यात उतरू शकत नाहीत ते वेगळंच. सारस तर महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त गोंदियाच्या बाजूला उरलेत, तेही तीस-चाळीसच्या आसपास, त्यांना उथळ पाणी आणि धानाच्या बांध्याच लागतात. तेव्हा गाळ मूळ तळापर्यंतच काढावा, मूळ मातीला हात लावू नये, काठाचा उतार ठेवावा, आणि गाळ काढल्यावर पहिल्याच पावसाळ्यात वनस्पती लावायची मजुरी त्याच अंदाजपत्रकात धरावी. रोजगार हमीत हे काम बसवणं अवघड नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तलाव सांभाळायचा अधिकार गावाला द्यावा, आणि गाव म्हणजे फक्त सातबारावाले नव्हे. महाराष्ट्रात २००५ चा शेतकऱ्यांनी सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन करायचा कायदा आहे, पाणी वापर संस्था त्यातून होतात, पण सभासद कोण तर लाभक्षेत्रात जमीन असलेला. ढिवराला जमीनच नाही, म्हणजे तलाव ज्याला सगळ्यात जास्त कळतो तोच बाहेर. शेतकऱ्याला पाणी शेवटच्या थेंबापर्यंत हवं असतं आणि ढिवराला उन्हाळ्यात थोडं तरी पाणी राहायला हवं, नाही तर पुढच्या वर्षीचं बीज देणारी मासोळी मरते, हा झगडा खरा आहे आणि तो एकाच समितीत समोरासमोर बसूनच सुटतो, आमच्याकडे काही गावांत तो सुटलेलाही आहे. जिथं तलाव वनहद्दीत आहे तिथं २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांवरचा आणि मासोळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याखालच्या, गावांत लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायतीकडे द्या असं १९९६ पासून कायदा म्हणतो. म्हणजे दरवाजे आहेत, ते कुणी उघडून देत नाही.

एका गोष्टीकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही आणि मला ती फार घातक वाटते. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. म्हणजे ज्या तलावावर शेकडो वर्षं पक्षी, मासोळ्या, वनस्पती जगतायत त्याला संरक्षण नाही, का तर तो माणसानं बांधला. आमच्याकडे माणसानं न बांधलेला तलाव दाखवा बरं. राज्य सरकारला स्वतःच्या अधिकारात मामा तलावांसाठी वेगळा नियम करता येईल, निदान पोटातली जमीन दुसऱ्या कामाला देता येणार नाही एवढा तरी.

शेवटी जिल्हा परिषदांना एक साधी विनंती. प्रत्येक मामा तलावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात आहे. तलावाचं नाव, गट नंबर, जुन्या रेकॉर्डमधलं क्षेत्र, आज प्रत्यक्ष पाण्याखाली असलेलं क्षेत्र, मासोळीचं लिज कुणाकडे, शेवटची दुरुस्ती कधी, एवढी माहिती गावनिहाय ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि वेबसाइटवर टाका, आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागणाऱ्या ग्रामसभेला ती फुकट द्या. अतिक्रमण कुणाचं आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण हातात कागद नसला की बोलायची हिंमत होत नाही. हे काम या पावसाळ्याच्या आत होण्यासारखं आहे, त्याला निधी लागत नाही, फक्त कपाटातल्या फायली बाहेर काढाव्या लागतील.

आपला,
एक वाचक
(मूळ गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, सध्या नागपूर)